जहाजे कमी आली, म्हणजे व्यापार घटला का?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबई बंदराची वार्षिक कोष्टके पाहताना असे दिसते की, परदेशी व्यापारातील जहाजांची संख्या काही वर्षी घटते, पण त्यांचा टनभार मात्र वाढत जातो. यांपैकी कोणता आकडा खरा धरावा? आणि एखाद्या वर्षी दोन्ही एकदम का उतरतात?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. ‘संख्या’ म्हणजे बंदरात झालेल्या आगमनांची नोंद, त्यामुळे एकच आगबोट वर्षातून चार वेळा आली तर ती चारदा मोजली जाते. नोंदणीचा टन हे तर वजनच नव्हे. १०० घनफुटांच्या पोकळीला एक टन धरतात, म्हणजे टनभारावरून जहाजात जागा किती होती हे कळते. त्या जागेत माल किती भरला होता, हे कळत नाही.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालून लंडनहून मुंबईला येण्याचे अंतर सुमारे चाळीस टक्क्यांनी घटले. तांबड्या समुद्रातील वारे शिडांच्या जहाजांना प्रतिकूल असल्यामुळे या मार्गाचा लाभ प्रामुख्याने आगबोटींना मिळाला. पुढच्या काळात लहान शिडांच्या जहाजांची जागा मोठ्या आगबोटी घेत गेल्या, आणि म्हणून संख्या स्थिर राहिली किंवा घटली तरी टनभार चढत गेला. या मोठ्या जहाजांसाठी गोद्याही बांधाव्या लागल्या. त्यापूर्वी जहाजे खाडीत नांगर टाकून उभी राहत आणि पडावांतून माल किनाऱ्यावर येई. १८७५ मध्ये ससून गोदी, १८८० मध्ये प्रिन्सेस गोदी आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया गोदी झाली, आणि माल थेट धक्क्यावर उतरू लागला.

वर्षावर्षांतील चढउतारांची कारणे मात्र निरनिराळी आहेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाचे भाव भडकले. त्या वर्षांत निर्यातीची किंमत जितकी वाढली, तितके कापसाचे प्रमाण वाढले नव्हते. म्हणून केवळ रुपयांचे आकडे पाहून जहाजांची गर्दीही तेवढीच झाली असेल असे मानणे चुकीचे ठरेल. युद्ध संपताच भाव कोसळले, १८६५ मध्ये पेढ्या बुडाल्या आणि वाहतुकीलाही त्याची झळ बसली.

त्यानंतरच्या एका घसरणीबाबत मी वाचकांना विशेष सावध करू इच्छितो, कारण अनेक अभ्यासक तेथे फसतात. सरकारी वर्ष पूर्वी १ मे रोजी सुरू होत असे. ते १ एप्रिलवर आणताना १८६६-६७ हे वर्ष अकराच महिन्यांचे राहिले. गळालेला महिना एप्रिलचा, म्हणजे पावसाळ्यापूर्वी कापूस रवाना करण्याच्या लगबगीचा होता. त्या वर्षाचा आकडा शेजारच्या वर्षांशी जसाच्या तसा ताडून पाहू नये.

१८९६ च्या सप्टेंबरात गोद्यांना लागूनच असलेल्या मांडवीत प्लेग उघडकीस आला. मजुरांनी शहर सोडले, परदेशी बंदरांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर विलगीकरणाचे निर्बंध लादले, आणि त्याच सुमारास देशात दुष्काळ होता. त्या वर्षांच्या घटीला कोणतेही एकच कारण लावता येणार नाही.

आपण रत्नागिरीचे आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. कोकणातून येणाऱ्या फत्तेमाऱ्या आणि मचवे परदेशी व्यापाराच्या कोष्टकात येतच नाहीत. किनारी व्यापाराची नोंद वेगळी असे. संख्येने ही गलबते पुष्कळ असली तरी त्यांचा टनभार लहान होता, त्यामुळे एखाद्या ग्रंथात दोन्ही नोंदी एकत्र केल्या असतील तर जहाजांची संख्या फुगते आणि टनभार फारसा हलत नाही. शिवाय ही वाहतूक पावसाळ्यात थांबून नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू होई, आणि वार्षिक बेरजेत तो खंड दिसतच नाही. आपल्यासमोरचे कोष्टक परदेशी व्यापाराचे आहे की एकत्रित, हे प्रथम त्याच्या शीर्षकावरून पाहून घ्यावे.