दात पडल्याचं स्वप्न आणि बाबांचं ऑपरेशन

ताई, गेले दोन महिने एकच स्वप्न पडतंय. माझे दात एकेक करून सुटतात. तोंड दातांनी भरतं, त्यामुळे बोलता येत नाही. समोर धाकटा भाऊ मोबाइलमध्ये बघत उभा असतो. इंटरनेटवर वाचलं, की दात पडणं म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस जाणार. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलंय. सगळं मीच बघते. भाऊ म्हणतो, तू ठरवशील ते. ऑपरेशन पुढे ढकलू का?
– एक घाबरलेली लेक

प्रिय लेकी,

नाही, ढकलू नकोस. तारीख डॉक्टरांनी बाबांना तपासून दिली आहे. भुलीची, वयाची, कशाची भीती वाटत असेल तर ती त्यांच्यापुढे बोलून दाखव. तारीख बदलायची तर ती त्यांच्या सांगण्यावरून, स्वप्नाच्या नव्हे.

तू वाचलास तो अर्थ फार जुना आहे. दुसऱ्या शतकातल्या आर्टेमिडोरस या ग्रीक स्वप्नपंडितानं तोंडाला घर मानलं आणि दातांना घरातली माणसं. पण स्वप्न पाहणारा कोण, काय करतो, कसल्या परिस्थितीत आहे, हे कळल्याशिवाय अर्थ सांगू नये, असंही त्याचंच म्हणणं होतं. इंटरनेटवरच्या याद्यांनी अर्थ तेवढा उचलला आणि चौकशी गाळली. मग कोणीही वाचावं आणि आपल्या घरातलं म्हातारं माणूस आठवून घाबरावं!

आता एक साधा प्रश्न. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असतो का? कानशिलं ठणकतात? 2018 साली इस्रायलमधल्या दोन संशोधकांनी दात पडण्याच्या स्वप्नांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा संबंध मनाच्या त्रासापेक्षा जाग आल्यावर दात-हिरड्या-जबड्यात जाणवणाऱ्या ताणाशी दिसला. तू झोपेत दात खात असशील तर डेंटिस्टला दाखवून घे. एवढ्या घाबरवणाऱ्या स्वप्नाचं मूळ दाढेत निघालं तर हसू येईल, पण तसं असू शकतं.

दात मात्र सगळं सांगत नाहीत. तुझ्या स्वप्नात बाबा कुठेच नाहीत, पाहिलंस का? आहे तो भाऊ. तू काहीतरी सांगायला बघतेस, तोंडातून शब्द फुटत नाही आणि त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. पत्रातही तो अर्ध्या वाक्यात येऊन गेला. हा माझा अंदाज. तुला आतून पटला तरच धर. मला तरी यात मृत्यूपेक्षा गिळून टाकलेला राग जास्त दिसतो. बाबांचं काही कमी-जास्त झालं तर "तूच ठरवलं होतंस" हे ऐकावं लागेल, ही धास्तीही त्यात असावी. ती स्वाभाविक आहे.

स्वप्न तरीही छळत राहिलं तर दिवसा, पूर्ण जागेपणी, त्याचा शेवट बदलून लिही आणि रोज काही मिनिटं तो डोळ्यांपुढे आण. वारंवार पडणाऱ्या दुःस्वप्नांसाठी मानसोपचारात ही पद्धत वापरतात. झोपच उडाली असेल तर मात्र समुपदेशकाला गाठ.

भावाशी ऑपरेशनच्या आधीच बोल. "जरा मदत कर" असं मोघम नको. दवाखान्यात रात्री बाबांजवळ तू थांबायचं, विम्याचे कागद तू बघायचे, संमतीपत्रावर सही करताना तू सोबत हवास, असं नेमकं सांग. त्यावर "तू ठरवशील ते" म्हणाला, तर म्हण, "हेच ठरवलंय."

– तुझी ताई