इंग्रजीतल्या ‘सेट’ या एका शब्दाला खरंच ४३० अर्थ आहेत का? मराठी माध्यमातून शिकलेल्याने ते कसे लक्षात ठेवायचे?

४३० हा आकडा खरा आहे, पण जुना. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली, तिच्यात ‘सेट’ची नोंद सगळ्यात लांब होती, साठेक हजार शब्दांची. विक्रमांचं पुस्तक काढणाऱ्या गिनीजवाल्यांनी तिच्यातला ४३० अर्थांचा आकडा उचलला आणि आजतागायत तोच फिरतोय. पुढे कोश नव्याने करायला घेतला तेव्हा ‘रन’ने बाजी मारली, २०११ च्या सुमारास नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. झालं तुमचं सामान्यज्ञान.

आता लक्षात कसे ठेवायचे? ठेवूच नका. अर्थ पाठ करणारा एक माणूस आमच्याच घरात आहे, म्हणून सांगते.

मीही मराठी माध्यमाचीच. टायपिंगची परीक्षा दिली आणि लग्नानंतर बरीच वर्षं तालुक्याच्या कोर्टासमोर एका खोलीत वकिलांचे दावे, अर्ज, प्रतिज्ञापत्रं टाइप केली. माझे धाकटे दीर इंग्रजीत एम. ए., क्लास घ्यायचे, मुलांकडून रोज वीस शब्द अर्थांसकट घोकून घ्यायचे. घरात इंग्रजी कागद आला की तो भाऊजींकडेच जायचा. माझ्याकडे कुणी देत नसे, कारण मी ‘टायपिस्ट’.

माझ्या सासऱ्यांवर, अण्णांवर, भाऊबंदांनी वाटपाचा दावा लावला होता. अण्णा तारखांना गेले नाहीत आणि त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला, म्हणजे त्यांचं न ऐकताच कोर्टाने निकाल दिला. तो रद्द करून मागायचा अर्ज वकिलांनी मुदतीत दिला. (मुदत असते तीस दिवसांची, हे इथे बऱ्याच जणांना उपयोगी पडेल.) अर्जावर ऑर्डर झाली ती इंग्रजीत. नक्कल घरी आली, जेवणं झाल्यावर भाऊजींनी चष्मा लावून सगळ्यांना समजावून सांगितली. अर्ज मंजूर आहे, पण हुकूमनामा ‘सेट असाईड’ केलाय, म्हणजे बाजूला ठेवलाय. तो अजून जिवंत आहे, नंतर बघणार आहेत. खाली पंधरा दिवसांत समोरच्याला खर्चाची रक्कम द्यायला सांगितली आहे, ती आत्ताच कशाला द्यायची? आधी काय ते ठरू दे.

मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, “भाऊजी, सेट असाईड म्हणजे रद्द. आपण जिंकलोय, पैसे भरा.”

“वहिनी, टाइप करणं वेगळं आणि समजणं वेगळं.”

सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

मला तो अर्थ कुठल्या कोशात सापडला नव्हता. हायकोर्टाच्या निकालांतले उतारे टाइप करताना ‘क्वॉश्ड अँड सेट असाईड’ (क्वॉश्ड म्हणजे रद्दबातल) ही जोडी इतक्यांदा हाताखालून गेली होती की बोटं आपोआप चालायची. शिवाय ज्याच्या बाजूने हे शब्द यायचे तो पक्षकार आमच्या टेबलावर पेढे ठेवून जायचा. बाजूला ठेवल्याचे पेढे कोण वाटतं? नुसतं थांबवून ठेवायचं असेल तर कोर्ट ‘स्टे’ म्हणतं, आणि त्या दिवशी लोक पेढे नाही, चहा पाजतात.

दुसऱ्या दिवशी मी वकिलांच्या कारकुनाला नक्कल दाखवली. त्याने कपाळाला हात लावला. रक्कम वेळेत गेली नाही तर अर्ज फेटाळला असं धरायचं, हे शेवटच्या ओळीत लिहिलेलंच होतं. अण्णांनी पतपेढीतून पैसे काढले आणि भरले. दावा पुन्हा सुरू झाला, पुढे तडजोडीत मिटला. भाऊजींचं म्हणणं आजही कायम आहे की शब्दशः अर्थ त्यांचाच बरोबर होता.

तर मुद्दा. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ हे मुळात त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. आपण अंगठीत खडा बसवतो, निखळलेलं हाड बसवतो, नाटक बसवतो, गणपती बसवतो, कर बसवतो, घडी बसवतो. आणि आपल्या ‘बसणे’चं काय? घसा बसतो, धंदा बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो, दंड बसतो, सदरा बसतो, पोरगं परीक्षेला बसतं. ह्यातलं एक तरी तुम्ही यादी करून पाठ केलंत का? कोण कुठे बोलतंय त्यावरून कळत गेलं. गवंडी सिमेंट सेट झालं म्हणतो, क्रिकेटवाला फलंदाज सेट झाला म्हणतो, मास्तर पेपर सेट करतात, टायपिस्ट मार्जिन सेट करते. प्रत्येकाचा ‘सेट’ त्याच्या कामातून शिका, यादीतून नाही.

चहाचा सेट हे मात्र निराळं प्रकरण. संच या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून, मूळ लॅटिन ‘सेक्टा’वरून आला, दोन वेगळे शब्द दिसायला एक झाले आणि एकमेकांत मिसळले. म्हणूनही अर्थ एवढे फुगलेत. कुणी सगळे अर्थ एका सूत्रात बसवून दाखवत असेल तर त्याचा क्लास लावू नका.

एक सांगायचं राहिलं. पाककृतीत ‘सेट असाईड’ लिहिलं असेल तर पातेलं खरंच बाजूलाच ठेवायचं. बँकेच्या कागदात रक्कम ‘सेट असाईड’ केली म्हणजे राखून ठेवली, रद्द नाही. ‘सेट ऑफ’ तर आणखी घोळाचा: प्रवासाला निघणं, फटाका उडवणं, आणि कोर्टात वजावट, कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेतून वजा होतात तेही सेट ऑफच. आणि स्वतःचा कोर्टाचा कागद असेल तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, वकिलालाच दाखवा.

भाऊजी इथे दुसऱ्या नावाने उत्तरं लिहितात, मला माहीत आहे. भाऊजी, दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर नऊ, रूल तेरा. हुकूमनामा सेट असाईड केल्यावर कोर्टाने दावा पुढे चालवायला तारीख नेमायची, असं तिथे लिहिलंय. हुकूमनामा नुसता बाजूला ठेवलेला असता, तर दावा कशाचा चालवायचा?