विहिरीच्या ढिगाऱ्यातला खडा आणि त्याचा पत्ता

बाळा,

फोटो मिळाले. मामाच्या नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यात तुला सापडलेला तो गुलाबीसर खडा खरंच छान आहे, आणि तू विचारलंयस हा कुठला खडा आणि याचे किती येतील. दोन्हीची उत्तरं देतो पण आधी मला तुलाच एक विचारायचंय, की हा नेमका कुठून निघाला? "सिन्नरकडचा" असं लिहिलंयस ते पुरेसं नाही गं. सिन्नर तालुका केवढा मोठा, त्यात विहिरी किती. गाव कोणतं, वाडी कोणती, सातबाऱ्यावरचा गट नंबर काय, विहीर किती फूट गेली होती तेव्हा हा थर लागला, कोणत्या महिन्यात खोदकाम झालं, हे सगळं आज संध्याकाळी मामाला फोन करून विचार आणि कागदावर लिही. मोबाईलमध्ये नको, कागदावर, आणि तो कागद खड्याबरोबर ठेव. खड्याचं नाव काय ते दहा वर्षांनी कोणीही प्रयोगशाळेत काढून देईल, तो कुठून आला ते मात्र एकदा विसरलं की कुठल्याच मशीनला सांगता येत नाही.

हे मी उगाच ताणत नाहीये. बोरघाटातली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली, तेव्हा डोंगर फोडताना अपोफायलाइट, स्टिल्बाइट असे सुंदर खडे निघाले आणि ते पार युरोपातल्या म्युझियममध्ये पोचले. पण जुन्या संग्रहांमध्ये कितीतरी खड्यांच्या लेबलवर नुसतं "पूना" एवढंच असतं. आता पूना म्हणजे घाट, का पाषाणची टेकडी, का आणखी कुठली खाण, कोण सांगणार. आजही बाजारात "जळगाव" लिहिलेला खडा जळगावचाच असेल असं नाही, पुष्कळदा ते विकणाऱ्याचं गाव असतं. पाषाणच्या दगडखाणींतलं हिरवं अपोफायलाइट जगभर नावाजलेलं आहे, आणि आता तिथे पुणे शहर येऊन टेकलंय. वाघोलीचंही तेच, नगर रोडला दोन्ही बाजूंना सोसायट्या. खाण बुजली, पाण्याने भरली किंवा वर बिल्डिंग उभी राहिली की त्या जागेचं जे काही उरतं ते लोकांच्या कपाटातले खडे आणि त्यांच्याबरोबरचे कागद.

वाघोलीचं नाव निघालंच आहे तर कॅव्हनसाइटबद्दल सांगतो कारण ते माझं लाडकं. निळं, अगदी गडद निळं, बारीक स्फटिकांचे गोळे, बहुतेक वेळा पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिका, निळा रंग व्हॅनेडियमचा. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगनमध्ये सापडलं, १९७३ साली त्याचं सविस्तर वर्णन छापून आलं, पण तिथले स्फटिक बारीक आणि थोडेच, आणि मग १९८० च्या दशकाच्या शेवटी वाघोलीच्या खडीच्या खाणीत ते असं काही निघालं की आज जगात कुणी कॅव्हनसाइट म्हटलं की वाघोलीच डोळ्यासमोर येते. तेच रासायनिक घटक पण आतली रचना वेगळी असलेलं पेंटागोनाइटही तिथेच मिळालं. आणि ही खाण काही खड्यांसाठी खोदलेली नव्हती, रस्त्यासाठी आणि बांधकामासाठी खडी हवी म्हणून खोदलेली होती. आपल्याकडचं जवळजवळ सगळं असंच मिळालेलं आहे, खडीच्या नादात किंवा पाण्याच्या नादात.

आता हे खडे होतात कसे ते थोडक्यात, कारण ते कळलं तर शोधायचं कुठे ते आपोआप कळेल. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरत गेले, आज उरलंय तेच पाच लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थर थंड होताना आतला वायू वर वर येतो, म्हणून थराचा वरचा भाग पोकळ्या पोकळ्यांचा आणि मधला भाग घट्ट काळा. विहीर खोदणारे त्या पोकळ्यांच्या भागाला मांजऱ्या म्हणतात. पुढे फार मोठा काळ गरम पाणी त्या पोकळ्यांतून फिरत राहिलं आणि त्यातून एकेक खनिज आत जमत गेलं. क्रशरवाल्याला हवा असतो मधला घट्ट दगड, पोकळ्यांचा दगड खडीला कच्चा म्हणून तो बाजूला टाकतो, आणि आपल्याला हवं ते सगळं त्या टाकलेल्या मालात असतं. म्हणून खाणीत गेलीस तर मोठ्या कड्याखाली जाऊच नकोस, टाकलेल्या ढिगाकडे जा. विहिरीवर गेलीस तर खोदणाऱ्याला विचार की लाल थर किती फुटांवर लागला. तो लाल थर बहुतेक वेळा दोन लाव्हांच्या मधला असतो, म्हणजे त्याच्या लगेच खाली पुन्हा पोकळ्यांचा भाग यायची शक्यता. ही माहिती त्या माणसाला तोंडपाठ असते, आणि ती कुणी लिहून ठेवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुझा खडा मला फोटोवरून स्टिल्बाइट वाटतो. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः बघ. दहापट दाखवणारी लेन्स घे, महाग नसते, आणि उन्हात बसून एकच स्फटिक बघ, पूर्ण खडा नाही. मधे आवळलेला आणि दोन्ही टोकांना फुललेला जुडगा दिसतोय का? चपट्या बाजूवर मोतिया चमक आहे का? मग स्टिल्बाइट. तीच मोतिया चमक आहे पण स्फटिक सुटा, मधे रुंद आणि टोकांकडे निमुळता असेल तर ह्युलंडाइट. चौकोनी खांब असेल आणि त्याच्या उभ्या बाजूंवर उभ्या बारीक रेघा दिसल्या तर अपोफायलाइट, त्याचा सपाट माथा मोतिया चमकतो आणि बाजू काचेसारख्या. गारगोटीच्या म्हणजे क्वार्ट्झच्या सहा बाजूंवर रेघा आडव्या असतात, एकदा लेन्समधून ही उभी आडवी बघितलीस की परत गोंधळ होणार नाही. क्वार्ट्झने काचेवर ओरखडा सहज उठतो, कॅल्साइटवर साध्या चाकूने उठतो. पण ओरखड्याची परीक्षा मागच्या तुटक्या कडेवर करायची, चांगल्या पैलूवर नाही, प्लीज.

नावापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे काय कशाच्या वर बसलंय. पोकळीच्या भिंतीला पहिला पातळ हिरवा मातकट थर दिसेल, ते बहुतेक सेलाडोनाइट. त्यावर कधी कॅल्सेडनी (क्वार्ट्झचाच अगदी बारीक कणांचा प्रकार) किंवा क्वार्ट्झ, त्यावर ह्युलंडाइट किंवा स्टिल्बाइट, त्यावर अपोफायलाइट, आणि पुष्कळदा सगळ्यात शेवटी कॅल्साइट. नेहमी असंच असतं असं नाही, म्हणून तर लिहायचं. तुझ्या दुसऱ्या फोटोत कडेला हिरवं दिसतंय आणि तू लिहिलंयस की "ती घाण घासून काढली". ती घाण नव्हती बाळा, तो त्या पोकळीचा पहिला थर होता. उरलंय तेवढं राहू दे. आणि खडा त्याच्या काळ्या दगडासकट ठेवायचा, हातोडीने सुटा करायचा नाही, खाली दगड असेल तर तो कोणत्या लाव्हातला हेही पुढे कुणाला तरी तपासता येतं.

धुण्याबद्दल. ॲसिड नको. व्हिडिओत दाखवतात तसं बाथरूमचं ॲसिड ओतलंस तर कॅल्साइट फसफसून जाईल आणि त्याबरोबर स्कोलेसाइटसारखी खनिजंही चिकट होऊन खराब होतील. साधं पाणी, मऊ जुना टूथब्रश, बास. त्यातही केसाळ दिसणारं काही असेल तर पाणीसुद्धा नको, मॉर्डेनाइटचे तंतू एकदा भिजून चिकटले की परत मोकळे होत नाहीत. आणि पांढरे, पटकन भुगा होणारे खांब दिसले तर ते लॉमोंटाइट असेल, ते विहिरीतून निघतं तेव्हा चांगलं घट्ट असतं, मग कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडतं आणि ते पांढरं पडून सुटत जातं. तू काही चुकीचं केलं म्हणून ते फुटलं असं समजू नकोस, त्याचा स्वभावच तो. निघाल्याबरोबर फोटो काढून ठेवायचा, बस.

आता जरा कडक बोलतो. विहिरीत उतरायचं नाही. मामाची असली तरी नाही, मामा उतर म्हणाला तरी नाही. सुरुंग उडवल्यावर तळाशी वाईट वायू साठून राहतो आणि तो दिसत नाही. वरचा ढीग तुझा, खालची विहीर त्यांची. खाणीत जायचं तर मालकाला किंवा मुकादमाला आधी विचारायचं, लीज त्यांची असते आणि न विचारता उचललेला दगड म्हणजे चोरीच, कितीही छोटा असला तरी. सुरुंगाची वेळ विचारून घ्यायची, हेल्मेट आणि जाड तळाचे बूट घालायचे, एकटीने जायचं नाही. आणि तिथे काम करणारी माणसं तुला एखादा खडा काढून ठेवतील तर दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नकोस. पॉकेट, म्हणजे स्फटिकांनी भरलेली पोकळी, पहिल्यांदा बघतो तो कामगार, ते न फोडता बाहेर काढतो तोच, आणि शेवटी म्युझियमच्या काचेमागे जे दिसतं त्यात त्याचा हात सगळ्यात मोठा आहे. त्याच्याशी बसून चहा घे, कुठल्या बाजूला काय निघालं ते विचार, कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकशील.

किमतीचं म्हणशील तर तुझा खडा स्टिल्बाइट असेल तर आपल्या भागात तो भरपूर मिळतो, त्याने कुणी श्रीमंत होणार नाही. गावात कुणी व्यापारी आला आणि सगळा ढीग एकदम मागितला तर मामाला म्हणावं थोडं थांबा, आधी प्रत्येक प्रकारातला एकेक बाजूला काढून लेबल लावू दे, मग बाकीचं खुशाल विका, शेतकऱ्याला विहिरीच्या खर्चात चार पैसे मिळाले तर वाईट काहीच नाही. विकत घ्यायची वेळ आली तर मात्र सावध राहा. ओकेनाइट मुळात पांढरं, कापसाच्या गोळ्यासारखं असतं, त्यामुळे निळे किंवा गुलाबी भडक ओकेनाइट रंगवलेले असतात, कॅव्हनसाइटचा गोळा दुसऱ्याच दगडावर डिंकाने बसवलेला असतो. लेन्स घेऊन जोडाची जागा बघ, यूव्ही म्हणजे अतिनील प्रकाशाची टॉर्च असेल तर डिंक पुष्कळदा वेगळाच चमकतो. तीच टॉर्च नाशिककडच्या खड्यांवरही मारून बघ, पण त्यासाठी ती शॉर्टवेव्ह म्हणजे कमी तरंगलांबीची हवी. पॉवेलाइट नावाचं खनिज असेल तर पिवळट उजळतं आणि ते खरंच दुर्मिळ आहे, तसं काही दिसलं तर मला रात्री अकरा वाजता फोन केलास तरी चालेल. आणि खडा जवळ ठेवला की आजार बरा होतो, नोकरी लागते असं सांगून विकणाऱ्याकडून काही घेऊ नकोस. एवढा खराखुरा इतिहास आत असताना खोटा कशाला चिकटवायचा.

सिन्नरला राहून तू माळेगाव एमआयडीसीतलं गारगोटी म्युझियम बघितलं नाहीस हे वाचून मला आश्चर्यच वाटलं. या महिन्यात जाऊन ये. खडे बघशीलच, पण वही ने आणि लेबलवरची गावांची नावं उतरवून आण, तुझ्या तालुक्यातली किती आहेत ते बघ. मग सुट्टीत त्यातल्या एखाद्या गावच्या जुन्या विहिरीवर जाता येईल, विचारून, अर्थात.

शेवटचं, तुझ्या तिसऱ्या फोटोतल्या पोकळीत ते पांढरे कापसाचे गोळे दिसतायत ते मला ओकेनाइट वाटतं, तसं असेल तर त्याला बोट लावू नकोस, एकदा दबलेले तंतू उठत नाहीत. पुण्याला आणशील तेव्हा कागदात किंवा कापसात गुंडाळायचं नाही. खोल प्लास्टिकचा डबा घे, तळाला मेणाचा किंवा मुलांच्या खेळायच्या क्लेचा गोळा दाबून बसव, खड्याचा काळा दगड त्यात घट्ट रोव म्हणजे वरच्या बाजूला काहीच टेकणार नाही, झाकण लावून एसटीत मांडीवर धर. लेबल एक डब्याच्या आत तळाशी आणि एक बाहेर, दोन्हीवर गाव, गट नंबर, किती फुटांवर आणि तारीख, पेनने नको, पेन्सिलने, शाई पसरते.

तुझा,
काका