बाग तारण ठेवून मुलीला अमेरिकेला पाठवू का?

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालाय. खर्च 50 लाखांच्या घरात जातो आणि बँक द्राक्षबाग तारण मागते. एच-1बीला, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाला, 1 लाख डॉलर लागणार हे ऐकल्यापासून झोप उडालीय. भाचा म्हणतो, ट्रम्प गेले की सगळं पूर्ववत होईल. काय करावं?
– एक पालक, तासगाव

उत्तर : नमस्कार. आधी स्पष्ट सांगतो, बाग तारण ठेवू नका. मुलीला पाठवायचं की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न.

भाच्याचं म्हणणं अर्धंच खरं आहे. ट्रम्प यांची मुदत जानेवारी 2029 मध्ये संपेल, पण ज्या अधिकाराने त्यांनी हा 1 लाख डॉलरचा आदेश काढला तो 1952 च्या इमिग्रेशन कायद्यातच आहे. ‘अमेरिकेच्या हिताला बाधक’ वाटणाऱ्या परदेशी लोकांचा प्रवेश अध्यक्षाला त्या कलमाने थांबवता येतो. 2018 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हा अधिकार फार मोठा असल्याचं मान्य केलं. 2024 च्या जूनमध्ये बायडेन यांनीही मेक्सिकोच्या सीमेवर याच कलमाचा आधार घेतला होता. खुर्चीवर कुणीही बसला तरी हे हत्यार त्याच्या हाताशी राहणारच.

म्हणून मी पालकांना सांगतो, तुमच्या योजनेतली कुठली गोष्ट कशावर उभी आहे ते आधी बघा. एच-1बीच्या वर्षाला 85 हजार जागा आणि नोकरीवर आधारित ग्रीन कार्डात एका देशाला साधारण 7 टक्क्यांची मर्यादा, हे संसदेने म्हणजे काँग्रेसने कायद्याने ठरवलेलं आहे. ते बदलायला वर्षानुवर्षं लागतात. आपल्या लोकांची ग्रीन कार्डाची रांग म्हणूनच हलत नाही. शिक्षणानंतरची ओपीटी, म्हणजे 12 महिने नोकरीची मुभा आणि विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर 24 महिने, ही मात्र सरकारी खात्याने केलेल्या नियमांवर चालते. नियम बदलायला मसुदा, हरकती, कोर्टकचेरी असं काही महिन्यांचं काम असतं. आणि तिसरा प्रकार अध्यक्षाच्या नुसत्या सहीचा.

ती सही कशी चालते ते 19 सप्टेंबर 2025 ला दिसलं. शुक्रवारी एच-1बीच्या शुल्काचा आदेश निघाला, रविवारी पहाटे लागू. वाणिज्यमंत्री लटनिक म्हणाले, 1 लाख डॉलर दरवर्षी. सॅन फ्रान्सिस्कोत विमानात बसलेले काही प्रवासी घाबरून उतरले. शनिवारी व्हाइट हाऊसने खुलासा केला, की रक्कम एकदाच आणि फक्त नव्या अर्जांना. ऑक्टोबरमध्ये आणखी स्पष्टीकरण आलं, की अमेरिकेतच असलेला विद्यार्थी तिथल्या तिथे एच-1बीवर गेला तर हे पैसे लागत नाहीत. म्हणजे ज्या आकड्याने तुमची झोप उडाली तो आजच्या नियमाप्रमाणे तुमच्या मुलीला बहुधा लागूच होणार नाही. पण ही सूटही अशाच एका स्पष्टीकरणावर टेकलेली आहे, हे विसरू नका.

तिच्यासाठी खरी अडचण दुसरीच आहे आणि त्या अडचणीबद्दल कुणी बोलत नाही. 2026 पासून एच-1बीची सोडत सरसकट राहिलेली नाही. पगाराच्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या उमेदवाराच्या चार चिठ्ठ्या पडतात, सर्वांत खालच्या श्रेणीतल्याची एक. नुकतीच पदवी घेतलेली पोरं बहुतेक खालच्या दोन श्रेणींतच असतात.

एच-1बीवरच्या या कडकपणाला पार्श्वभूमी आहे. फ्लोरिडात डिस्नेने सुमारे 250 जणांना कमी केलं आणि जायच्या आधी त्यांच्याकडून एच-1बीवर आणलेल्या बदली माणसांना काम शिकवून घेतलं. बदलीवर आलेल्यांत बरेच भारतीय होते. 2015 मध्ये हे गाजलं. तो राग खोटा नव्हता. पण त्यावर जो उपाय निघाला त्यात पैशाचंच वजन वाढलं. 1 लाख डॉलर बड्या कंपनीला परवडतात, आडगावातल्या दवाखान्याला किंवा शाळेला नाही. आणि त्याच 19 सप्टेंबरला दुसरा आदेश निघाला तो ‘गोल्ड कार्ड’चा. सरकारला 10 लाख डॉलरची ‘भेट’ द्या, कायम वास्तव्याची वाट मोकळी. एकाच दिवशी एक दार आवळलं आणि दुसरं श्रीमंतांसाठी सताड उघडलं. ही विषमता अमेरिकेतल्या अमेरिकनांनाही टोचते, आपल्याला तर टोचणारच.

आता हिशेब. 50 लाख, 11 टक्के, 10 वर्षं. हप्ता महिना सुमारे 69 हजार, आणि यात शिक्षण चालू असतानाचं व्याज धरलेलंच नाही. मुलगी उद्या पुण्याला परत आली तर पहिल्या पगारातून हे फिटणार नाही. 25 लाखांचा हप्ता साडेचौतीस हजारांच्या आसपास येतो. तो ओढाताणीत का होईना, निघतो. माझी कसोटी एवढीच : भारतातल्या पगारावर फिटेल तेवढंच कर्ज. ओपीटीत चार पैसे मिळाले तर ती वरकमाई धरा. एच-1बी हिशेबात धरूच नका.

त्यासाठी विद्यापीठाला दोन गोष्टी विचारा. असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातच काम करून खर्चाला हातभार, मिळण्याची शक्यता किती, आणि प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का. त्या वर्षात इथे नोकरी केली तर हातात पैसे येतील आणि अनुभवही. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांतही चौकशी करा, तिथे बहुतेक ठिकाणी शिक्षणशुल्क जवळपास नसतंच. तरीही याच वर्षी जायचं ठरलं तर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेल तितक्या लवकर घ्या. 2025 मध्ये मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत नव्या तारखा देणंच बंद होतं आणि ऐन मोसमात पोरांची धावपळ झाली. मुलीने सोशल मीडियावरची खाती सार्वजनिक ठेवावीत, आता ती तपासली जातात.

आणि एक. तुमच्या पत्रात बँक आहे, भाचा आहे, बाग आहे. मुलीला नेमकं काय शिकायचंय ते कुठेच नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या.