नवीन ट्रिक शिकायची तर आत्ताच, सीझन तापायच्या आधी

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. मिनेसोटातले लेक बर्फातून मोकळे झाले की तुझे हात शिवशिवायला लागतात हे मला माहितीये. तू विचारलंयस की वॉटर स्कीइंगच्या मागच्या वर्षीच्या ट्रिक्स आधी पक्क्या करू का सरळ नवीन घेऊ. माझं मत स्पष्ट आहे, नवीन घे आणि आत्ताच घे, जूनची वाट बघू नकोस, फक्त एकच घे.

का ते सांगतो. ट्रिकच्या स्पर्धेत, म्हणजे बोटीमागे रोपचं हँडल धरून स्कीवर गिरक्या आणि कसरती करताना, आपल्याला २० सेकंदांचे दोन पास, म्हणजे दोन फेऱ्या, मिळतात, एका ट्रिकचे पॉइंट एकदाच, आणि पडलीस की तो पास तिथेच संपला. त्यामुळे टूर्नामेंट सुरू झाल्या की कच्ची ट्रिक रनमध्ये, म्हणजे ट्रिक्सच्या ठरलेल्या क्रमात, टाकायची कुणाची छाती होत नाही, मग प्रॅक्टिससुद्धा आपोआप त्याच त्या रनची होते आणि सप्टेंबर उजाडतो तरी मुलं जिथल्या तिथेच असतात. मे महिन्यात तुझ्या डोक्यावर कुठलाच स्कोअर नसतो, पडलीस तर पडलीस, आणि हिवाळाभर पाण्याबाहेर राहिल्यामुळे जुन्या चुकीच्या सवयीही जरा सैल पडलेल्या असतात, त्या परत घट्ट व्हायच्या आत नवीन काहीतरी बसवून घ्यायचं.

बॅकफ्लिपचे व्हिडिओ पाठवतेस ते मी बघतो. ५०० पॉइंट दिसले की कुणालाही मोह होईल, पण तुझी आत्ताची ट्रिक आहे पाण्यावरची ३६०, म्हणजे उडी न मारता एक पूर्ण गिरकी. एका स्कीवर तिचे ९० मिळतात, समोरून पाठमोरं होण्याचे ६०. आणि ३६० म्हणजे काय, तुला येतात त्याच दोन १८०, म्हणजे अर्ध्या गिरक्या, न थांबता जोडायच्या, पण मधे हँडल पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात गेलं पाहिजे, सगळी गोम तिथेच आहे.

हे आधी जमिनीवर कर. रोप डेकच्या खांबाला कमरेच्या उंचीवर बांध, गवतावर उभी राहा, गुडघे वाकवलेले, पाठ ताठ. पहिलं काम हँडल पोटाशी ओढणं, आणि ते वळायच्या आधी, वळता वळता नाही. ओढलं की रोपमध्ये क्षणभर ढील येते आणि त्या ढिलीतच तुला फिरायचंय. पाण्यावर हात लांब ठेवून फिरलीस तर ओढणारी मोटरबोट तुझा खांदा खेचणार आणि हँडल सुटणार. एक हात सोड, दुसऱ्या हातातलं हँडल कमरेला घासत मागे ने, मोकळ्या हाताने ते माकडहाडाच्या जरा वर पकड, मग पूर्ण फीर. इतकं सावकाश कर की बघणाऱ्याला कंटाळा यावा. आणि नजर वर, समोरच्या झाडांवर, कारण पायाकडे बघितलंस की छाती खाली जाते आणि पाठमोरी असताना छाती खाली गेली की तू तोंडावरच पडणार.

पाण्यावर गेलीस की पहिले दोन-तीन सेट, म्हणजे पहिल्या दोन-तीन वेळा उतरशील तेव्हा, ३६० करूच नकोस. नुसती पाठमोरी उभी राहा, वेकच्या, म्हणजे बोटीमागे उठणाऱ्या लाटांच्या, मधोमध, जितका वेळ राहता येईल तितका. ट्रिक स्कीला खाली फिन, म्हणजे दिशा धरणारी उभी पट्टी, नसते म्हणून ती भोवऱ्यासारखी फिरते, पण म्हणूनच कड जरा पाण्यात रुतली की सावरायला वेळच मिळत नाही. स्पीड ताशी १८ मैलांच्या आसपास असला तरी ते पडणं चांगलंच लागतं गं.

थंडीचं थोडक्यात सांगतो. मेच्या सुरुवातीला पाणी हाडं गोठवतं, ड्रायसूट घालूनच उतर, लाइफ जॅकेट वरून, आणि सेट दहा-पंधरा मिनिटांचाच. बोटं बधिर झाली की हँडल पास होत नाही, मग उगाच जोर लावत बसू नकोस, बाहेर ये. तळवे हिवाळ्यात मऊ झालेले असतात, फोड यायच्या आधी थांब, फुटले तर आठवडा गेला. टो ट्रिक या महिन्यात अजिबात नको, पाय हँडलमध्ये अडकवायचा तर तू पडलीस की बोटीत पिन सोडून रोप मोकळं करणारा माणूस तयार हवा, आणि त्याचाही हात हिवाळ्यानंतर बसायचा असतो.

अजून एक. आपण ज्या राज्यात राहतो तिथेच, लेक पेपिनवर, १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन नावाच्या पोराने वॉटर स्कीइंग सुरू केलं, भाऊ बोट चालवायचा. आधी पिंपाच्या फळ्या झाल्या, मग बर्फातल्या स्की झाल्या, मग घरी वाकवलेल्या लांब फळ्या, तरी बुडतच होता. शेवटी २ जुलैला मागे रेलून फळ्यांची टोकं पाण्याबाहेर ठेवली आणि उभा राहिला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. तूही पडलीस की एका वेळी एकच गोष्ट बदल. रोपची लांबी, स्पीड आणि हात असं सगळं एकदम बदललंस तर नक्की कशाने जमलं ते कधीच कळणार नाही. आणि ३६० एका बाजूने बसली की त्याच आठवड्यात उलट्या बाजूने सुरू कर, रिव्हर्सचे पॉइंट वेगळे मिळतात आणि उशीर केला की ती बाजू कायमची आखडते.

फिशिंग ओपनरच्या, म्हणजे मासेमारीचा सीझन उघडतो त्या, वीकेंडला लेकवर बोटींची जत्रा असते, तो सोडून पुढच्या शनिवारी सकाळी ये, वारा सुटायच्या आत. बोट मी चालवेन, मागे बघायला कुणालातरी घेऊन ये. बाइंडिंग, म्हणजे स्कीवरचा पाय अडकवायचा बूट, मागच्या वर्षीचंच आहे की नवीन घेतलंस ते आधी कळव, नवीन असेल तर किनाऱ्यावर बसून नीट सेट करायला लागेल.

तुझा,
काका