पेठ तालुक्यातल्या आमच्या गावची एसटी कॉलेजच्या वेळेला जुळत नाही, गावातले पोरं मिळून वेळ ठरवू शकतो का?

ठरवू नाही शकत, ते आगाराच्या हातात असतं, पण बदलून घेऊ शकता आणि त्यासाठी नुसतं निवेदन पुरत नाही, वही लागते. आमच्याकडे पाच जण आळीपाळीने हे करतो म्हणून सांगतोय. स्टॉपजवळच्या किराणा दुकानात एक वही ठेवा, रोज गाडी किती वाजता आली, किती चढले, किती जण गाडी चुकली म्हणून जीपने गेले ते लिहा, आणि पासवाली पोरं, अर्ध्या तिकिटावरच्या बायका, 75 च्या पुढचे फुकट जाणारे म्हातारे असे वेगवेगळे मांडा. कारण आगारवाले आधी भारमान बघतात, म्हणजे गाडी किती भरते ते. महिनाभराची वही, ग्रामसभेचा ठराव आणि कॉलेजच्या वेळेचं पत्र असं एकत्र घेऊन आगार व्यवस्थापकांना भेटा, तिथं नाही जमलं तर नाशिकला विभाग नियंत्रकांकडे, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. वेळ मागताना शेजारच्या दोन-तीन गावांनाही धरा, एकट्या गावासाठी गाडी हलवणं खरंच अवघड असतं. मुक्कामी गाडी हवी असेल तर ड्रायव्हर-कंडक्टरच्या झोपायची, पाण्याची, संडासाची सोय आधी करून दाखवा, समाजमंदिराची चावी कोणाकडे मिळेल एवढं सुद्धा लिहून द्या. फक्त एक, रस्ता खचलेला असेल किंवा गाडी वळवायला जागा नसेल तर वही कितीही भरलेली असली तरी उपयोग नाही, आधी रस्त्याचं काम लावून धरावं लागेल.