वाचकांचे प्रश्न : हायस्कूलच्या वर्षाचा हिशेब कसा मागावा?

प्रश्न : आमच्या गावच्या अनुदानित हायस्कूलमध्ये माझी मुलगी नववीत आहे आणि यंदा पालक-शिक्षक संघात माझी निवड झाली आहे. स्नेहसंमेलनात दरवर्षी वार्षिक अहवाल वाचला जातो. त्यात दहावीचा निकाल, क्रीडास्पर्धेतील बक्षिसे आणि देणगीदारांची नावे असतात. अहवाल ऐकून शाळा दरवर्षी पुढे जात आहे असेच वाटते. गावात मात्र दहावी झालेली मुले बँकेची पावती दुसऱ्याकडून भरून घेतात आणि कित्येक मुलींची लग्ने घाईने उरकली जातात. मुलांना पुढच्या आयुष्यासाठी तयार करण्यात शाळेने वर्षभरात काय प्रगती केली, हे पालकांनी कशावरून ओळखावे?
— एक पालक, चोपडा तालुका, जि. जळगाव

उत्तर : अहवालातील निकालाचा आकडा खरा असतो, पण तो कोणत्या मुलांवर काढला आहे हे प्रथम विचारा. टक्केवारी परीक्षेला बसलेल्या नियमित विद्यार्थ्यांवर निघते. आठवीच्या पटावर असलेली जी मुले नववीत गळाली, जी केळीच्या गाड्या भरायला जाऊ लागली, किंवा ज्यांना ‘तुला झेपणार नाही, सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सांगून बाहेरून परीक्षेला बसवले गेले, ती मुले या हिशेबात कोठेच नसतात. निकाल सांभाळण्यासाठी कच्च्या मुलांना दहावीच्या उंबरठ्यावर अडवण्याची रीत काही शाळांत रुळली आहे आणि ती मला फार अन्यायाची वाटते, कारण शाळेची सर्वांत जास्त गरज नेमकी त्याच मुलांना असते. म्हणून आपली पहिली मागणी अशी असावी की, दोन वर्षांपूर्वी आठवीच्या पटावर किती मुले-मुली होत्या आणि त्यांपैकी किती यंदा याच शाळेतून दहावीला बसल्या, हे दोन आकडे अहवालात शेजारी शेजारी यावेत. पुढच्या वर्षी त्यांतील अंतर कमी झाले, तर ती खरी प्रगती होय.

दुसरी मागणी अधिक कष्टाची आहे, पण माझ्या मते सगळ्यात मोलाची आहे. दहावी होऊन शाळेबाहेर पडलेल्या तुकडीची एक वही वर्गशिक्षकांनी वर्षभर चालू ठेवावी आणि अकरावी, आयटीआय व तंत्रनिकेतनाचे प्रवेश आटोपल्यावर एकदा, दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, अशी तीनदा तिच्यात प्रत्येक मूल सध्या काय करते याची नोंद करावी. प्रवेशानंतर लगेच विचारले तर बहुतेक मुले ‘अकरावीला आहे’ असेच सांगतात. दिवाळीच्या सुमारास कापसाच्या वेचणीला माणसे कमी पडतात, तालुक्याच्या कॉलेजचा खर्च जाणवू लागतो, आणि त्या वेळी कॉलेज सुटले की बहुधा कायमचे सुटते. मुलींच्या बाबतीत अडचण पुष्कळदा पैशाची नसतेच. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत शिक्षणासाठी एसटीचा प्रवास मोफत आहे, पण संध्याकाळची गाडी वेळेवर येत नसेल तर त्या पासचा उपयोग काय? अशी कारणे वहीत नोंदली गेली, तर पालक-शिक्षक संघाला आगारप्रमुखांकडे नेमक्या वेळांसह अर्ज करता येतो. लग्न झाले असल्यास तेही वयासह लिहावे. मुलीचे अठरा आणि मुलाचे एकवीस वर्षांआधी लग्न लावणे हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लग्न ठरत असल्याचे कळताच १०९८ या क्रमांकावर कळवता येते, हे शाळेच्या फलकावर कायम लिहिलेले असावे.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. आपल्याकडे मुलाचे पुढचे पाऊल बहुतेक वेळा दाखल्यांपाशी अडते. नववीच्या पहिल्या सत्रातच शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. ‘पाटील’ आणि ‘पाटिल’ एवढ्या फरकानेही ऑनलाइन अर्ज अडतो आणि शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधील नोंद दुरुस्त करून घेणे महाकठीण होते. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना जातवैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा जमवावा लागतो. हा पुरावा म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा असतो आणि तो शोधायला महिने लागतात. प्रवेशाच्या आठवड्यात त्यासाठी धावाधाव करणाऱ्या आईबापांचे हाल टाळता येण्याजोगे आहेत. नववी संपताना किती मुलांची कागदपत्रे पूर्ण होती, हा आकडा अहवालात अवश्य मागावा.

चौथी गोष्ट प्रत्यक्ष करून पाहण्याची. जीवनकौशल्यांवर एखादे व्याख्यान झाले, फोटो निघाले आणि अहवालात एक ओळ वाढली, याला प्रगती म्हणू नये. त्याऐवजी बँकेची पैसे काढण्याची कोरी पावती वर्गात वाटून पाहा. तारीख आणि नाव सगळे लिहितात; रक्कम अक्षरी लिहिण्याच्या ओळीवर अनेकांचा हात थांबतो. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, तेव्हा मुलांना जवळच्या शाखेत नेऊन खरी पावती भरून घेता येईल. जूनमध्ये किती मुलांना ती बिनचूक भरता आली आणि मार्चमध्ये किती मुलांना, एवढे लिहिले तरी पुरे. आपल्या हायस्कूलला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले असेल, तर बारावीच्या मुलांकडून मतदार नोंदणीचा अर्जही तेथेच भरून घ्यावा. सतरा वर्षे पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो.

आता हे मागायचे कसे? अनुदानित शाळेला २००५ चा माहितीचा अधिकार कायदा लागू आहे, पण सुरुवात अर्जाने करू नये. मुख्याध्यापकांकडे आधीच ऑनलाइन माहिती भरण्याची कामे ढीगभर असतात, आणि वहीचे काम शाळेवर लादले तर ती कागदोपत्रीच राहील. संघाच्या सभेत ठराव करा आणि गावातील मुलांची माहिती जमवण्याचे निम्मे काम पालकांनी स्वतःकडे घ्या. अहवालात केवळ आकडे यावेत, कोणत्याही मुलाचे वा मुलीचे नाव येऊ नये. लग्न झालेल्या किंवा शाळा सुटलेल्या मुलीची चर्चा व्यासपीठावरून होता कामा नये.

प्रश्न : आमच्या भागातील कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात आणि नववी-दहावीची मुले त्यांच्याबरोबर जातात. त्यामुळे आम्ही कितीही खटपट केली तरी कागदावर शाळेची प्रगती दिसत नाही. काय करावे?
— एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : गेलेल्या मुलांची हजेरी भरून दाखवू नका, एवढे आधी कळकळीने सांगतो. किती गेली, किती परत आली आणि किती वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहिल्याने गेलीच नाहीत, हे तीन आकडे वेगवेगळे ठेवा. मागच्या वर्षीपेक्षा चार मुले जास्त मागे राहिली असतील, तर ते आपले मोठेच यश आहे आणि वरिष्ठांपुढे ते त्याच शब्दांत मांडा.

पालकांशी बोलण्याची वेळ मात्र बदलून पाहा. दिवाळीत समजूत घालायला गेलात तर उशीर झालेला असतो, कारण मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते आणि तिच्या हिशेबात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे हातही धरलेले असतात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असा हिशेब धरला जातो. पोरांची लग्ने लवकर लावण्यामागेही पुष्कळदा हेच कारण असते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये, उचल घेण्याआधी, घरोघरी जावे, आणि जाताना वसतिगृहाच्या प्रवेशाचा अर्ज सोबत न्यावा. ज्यांची दहावी तरीही हुकेल त्यांच्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म हा सन्मानाचा मार्ग आहे. तो मंडळाच्या मुदतीत भरावा लागतो, तेव्हा उन्हाळ्यात परतलेल्या मुलांची यादी शाळा उघडण्यापूर्वीच तयार ठेवा.